डब्यातील कीड महिन्याभराने पुन्हा येते तेव्हा: सुगंधी तेलापूर्वीच्या आणि तेलानंतरच्या तपासण्या

तांदूळ चाळून, पाखडून, डबा धुऊन-पुसून पुन्हा भरला, आत लवंग तेलाचा किंवा नीलगिरीचा बोळा ठेवला, आठ-पंधरा दिवस सारे ठीक वाटले आणि महिना-सव्वा महिन्याने झाकण उघडताच टोके पुन्हा डब्याच्या कडेने चढताना दिसले, ही या बिघाडाची सर्वांत नेहमीची खूण आहे. मी दादरमधील एका पोळी-भाजी केंद्राची कोठी सांभाळते. तेथील धान्याबरोबरच नात्यागोत्यातील आणि शेजारपाजारच्या घरांतील डब्यांचीही हीच तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि बहुतेक वेळा असे आढळते की, तेलाकडून ते करू शकत नाही अशा कामाची अपेक्षा ठेवलेली असते. वनस्पतींची उडनशील सुगंधी तेले स्वच्छ, कोरड्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात नवी कीड शिरू न देण्यासाठी चांगली उपयोगी पडतात. आधीच लागलेली कीड मात्र त्यांच्या वासाने संपत नाही, कारण त्या वेळी किडीचा मोठा भाग दाण्याच्या आत असतो.

लक्षणे

डब्यात नेमके काय दिसते ते आधी नीट पाहावे, कारण प्रत्येक किडीचा मुक्काम वेगळा असतो आणि तेलाचा उपयोग होईल की नाही हे त्या मुक्कामावरूनच ठरते.

तांदूळ, गहू किंवा ज्वारीत पुढे सोंड आलेला, काळपट तपकिरी, सुमारे तीन मिलिमीटर लांबीचा किडा दिसत असेल आणि दाण्यांना भोके पडलेली असतील, तर ते टोके, म्हणजेच सोंडे होत. गव्हाला भोके आहेत, सोंडेचा किडा मात्र दिसत नाही आणि डब्याच्या तळाला पिठाची भुकटी साचते आहे, असे असेल तर दाणा पोखरणारा दुसरा भुंगेरा लागला आहे असे समजावे. मूग, मटकी, चवळी, वाल अशा अख्ख्या कडधान्यांवर पांढरे ठिपके घट्ट चिकटलेले असतात आणि पुढे त्याच दाण्यांना गोल खिडकीसारखी भोके पडून आतून आखूड, गोलसर भुंगे बाहेर येतात. कणीक, बेसन, मैदा यांत लालसर, चपटे, सरपटणारे पोरकिडे होतात. ते फार वाढले की पिठाला गुलाबट छटा आणि नाकाला झोंबणारा उग्र वास येतो. हा बदल त्या किड्यांनी सोडलेल्या क्विनोन नावाच्या द्रव्यांमुळे होतो आणि असे पीठ चाळूनही खाण्याजोगे राहत नाही. रवा, तांदूळ किंवा शेंगदाण्यांत जाळी धरून गुठळ्या झाल्या असतील आणि संध्याकाळी ओट्याजवळ एखादे राखाडी पाखरू उडताना दिसत असेल, तर जाळी करणारी त्या पाखराची अळी डब्यात आहे. हळद, धणे, तिखट आणि मसाल्यात मान खाली घातलेला, तांबूस, गोल पाठीचा बारीक किडा सापडतो.

एक लक्षण पावसाळ्यात हमखास फसवते. झाकणावर, फळीवर किंवा डब्याच्या बाहेरच्या अंगाला धुळीच्या कणांएवढे फिकट जीव झपझप फिरताना दिसतात. ती पुस्तकी ऊ आहे. ती मुख्यतः बुरशीवर जगते, म्हणून ती दिसली की धान्य किंवा भिंत ओली आहे असे समजावे आणि तेलाची बाटली बाजूला ठेवून थेट ओलीच्या तपासणीकडे वळावे.

पहिली तपासणी: किडा मेला आहे की निपचित पडला आहे?

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. डब्यातील दोन मुठी धान्य पांढऱ्या ताटात पसरून ताट खिडकीशी न्यावे. सोंडे किड्याला स्पर्श झाला की तो पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग करतो आणि काही वेळाने उठून चालू लागतो. सुगंधी तेलाच्या वाफेने गुंगी आलेले किडेही असेच निपचित दिसतात आणि मोकळ्या हवेत पुष्कळदा पुन्हा हालचाल करू लागतात. म्हणून तेलानंतर "मेलेले" किडे एका बशीत काढून, वरून पातळ फडके बांधून चोवीस तास ठेवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांतील काही चालू लागले, तर तेलाने त्यांना मारले नव्हते हे स्पष्ट होते.

त्याच ताटातील कडधान्याचे दाणे बोटात धरून उजेडात पाहावेत. भुंग्याची मादी अंडी दाण्याच्या वर चिकटवते. ताजे अंडे पारदर्शक असते आणि सहज दिसतही नाही. आतील अळी अंड्याच्या तळातूनच दाण्यात शिरते, पोखरलेला भुगा मागे अंड्याच्या कवचात भरत जाते आणि मग ते कवच दुधी, पांढरे दिसू लागते. तात्पर्य, आपल्याला पांढरा ठिपका दिसतो तेव्हा अळी आत पोहोचलेली असते. तांदळात तर ठिपकाही दिसत नाही, कारण सोंडे किड्याची मादी दाण्याला सूक्ष्म छिद्र पाडून त्यात अंडे घालते आणि वरून चिकट द्रव्याने ते बुजवते. अंडे, अळी आणि कोश या तिन्ही अवस्था त्या एका दाण्यात पार पडतात. मुंबईच्या हवेत या फेऱ्याला साधारण चार ते पाच आठवडे लागतात आणि "महिन्याने पुन्हा आले" या तक्रारीचे मूळ येथे आहे: चाळणीने मोठे किडे गेलेले असतात, त्यांची पुढची पिढी मात्र दाण्यांत तशीच राहिलेली असते.

दुसरी तपासणी: उगम कोठे आहे?

ज्या डब्यात कीड दिसते तोच तिचा उगम असतो असे नाही, आणि या तपासणीत सर्वाधिक घरे अडतात म्हणून तिच्यावर अर्धा दिवस घालवला तरी तो सत्कारणी लागतो. स्वयंपाकघरातील सर्व डबे एकदा खाली काढावेत. नेहमीचे डबे बहुधा स्वच्छ निघतात, कीड निघते ती विसरलेल्या वस्तूंत: मागे सरकलेल्या राजम्याच्या अर्ध्या पिशवीत, पाव किलो उरलेल्या उपासाच्या भगरीत, पोपटाच्या बाजरीत, कुत्र्याच्या खाद्यात, पोटमाळ्यावर ठेवलेल्या गावच्या कुळथात.

स्वयंपाकघराबाहेरही पाहावे लागते. हळदीकुंकवाला आणि लग्नकार्याला मिळालेल्या ओट्या कपाटात साड्यांबरोबर तशाच राहतात. त्यांतील तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, बदाम यांना मी फार वेळा पोखरलेले पाहिले आहे. देवघराच्या खणातील अक्षतांची डबी आणि पूजेच्या सामानाची पुडी याच वर्गात येतात. हळकुंडातील किडा कागद आणि पातळ प्लॅस्टिक सहज पोखरतो, त्यामुळे बेडरूममधील ओटीतून निघालेली कीड स्वयंपाकघरातील मसाल्यापर्यंत पोहोचायला भिंत आडवी येत नाही.

हा किडा आणखी एक गोष्ट शिकवतो. हळद, धणे, ओवा यांत स्वतःचेच सुगंधी तेल भरपूर असते आणि तरीही तो त्यांत सुखाने वाढतो. तंबाखूच्या पानांवरही तो जगतो, त्याच्या पचनसंस्थेजवळ राहणारे यीस्टसारखे सहजीवी सूक्ष्मजीव त्याला या आहारात साथ देतात. म्हणून मसाल्याच्या बरणीत सुगंधी तेलाचा बोळा ठेवून काहीही साधत नाही. लालबागहून वर्षाचा मसाला कांडून आणत असाल तर तो कोरड्या काचेच्या बरण्यांत घट्ट दाबून भरावा आणि लागेल तेवढाच वर ठेवून उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा, हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

उगम सापडला की ती वस्तू ताबडतोब पिशवीत बांधून घराबाहेर न्यावी. किडलेले धान्य गच्चीवर किंवा खिडकीच्या छज्जावर कबुतरांसाठी पसरू नये, कारण किडे तेथून परत येतात.

तिसरी तपासणी: फटी, झाकणांचे आटे आणि ट्रॉलीच्या पट्ट्या

रिकामा केलेला डबा पाण्याने धुतला म्हणून तो स्वच्छ झाला असे समजू नये. स्टीलच्या डब्याच्या दुमडलेल्या काठात, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आट्यांत आणि तळाच्या कडेला पिठाची बारीक रेघ राहते. पोरकिड्यांना तेवढे पीठ पुरते. जुना दात घासण्याचा ब्रश कोरडाच वापरून ही रेघ आधी झाडून काढावी, मग डबा साबणाने धुवावा आणि उन्हात किंवा पंख्याखाली संपूर्ण वाळवावा. ट्रॉलीच्या सरकपट्ट्या, फळीच्या स्क्रूची भोके आणि कागद अंथरलेला असल्यास त्याखालची जागा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा कोरड्या ब्रशने साफ करावी. आधी ओले फडके फिरवले तर पीठ फटीत चिकटून बसते आणि कामाचा उलट परिणाम होतो.

सुगंधी तेल वापरण्याची पहिली योग्य जागा या टप्प्यावर येते. झाडलेल्या रिकाम्या फळीवर नीलगिरी तेलाचे काही थेंब टाकलेले कोरडे फडके फिरवावे आणि फळी तासभर उघडी ठेवून मगच डबे परत लावावेत. हे काम गॅस बंद करून, खिडक्या उघडून करावे, कारण ही सर्व तेले ज्वालाग्राही आहेत.

चौथी तपासणी: ओल

मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडे राहिलेले धान्य दोन दिवसांत मऊ पडते. धान्यातील पाण्याचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक किडींची वाढ मंदावते आणि बुरशी धरत नाही. ते मोजण्याचे यंत्र घरात नसते, पण मीठ हे काम ढोबळमानाने करते. दोन चमचे मीठ तव्यावर कोरडे करून गार होऊ द्यावे, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत ते मीठ आणि बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतके धान्य घालावे, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. मिठाचे कण बाटलीच्या काचेला चिकटून राहिले, तर धान्यात सुमारे पंधरा टक्क्यांहून अधिक पाणी आहे. मीठ मोकळे खाली पडले तर धान्य त्याहून कोरडे आहे.

धान्य ओले निघाले तर पुढे जाऊ नये, आधी ते वाळवावे. ओल्या धान्याच्या डब्यात सुगंधी तेल ठेवण्याचा सर्वांत मोठा तोटा असा की, बुरशीचा कुबट वास तेलाच्या वासाखाली झाकला जातो आणि टाकून द्यावयाचे धान्य शिजवले जाते. शेंगदाण्यांच्या बाबतीत हे विशेष घातक आहे, कारण त्यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला अपाय करणारे विष तयार करतात आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

पाचवी तपासणी: थंडी किंवा ऊन

दाण्यातील अंडी आणि अळ्या मारण्यासाठी घरात खात्रीचे उपाय दोनच आहेत आणि दोन्ही तापमानाचे आहेत. किलोकिलोच्या पिशव्या करून, हवा काढून, घट्ट बांधून त्या फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांना पूर्ण आठवडाभर ठेवाव्यात. आठवडा सांगण्याचे कारण असे की, धान्य उष्णता हळू सोडते आणि पिशवीच्या मध्यभागी थंडी पोहोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावर, बाहेरचे दव पुसून मगच उघडावी, अन्यथा तेच दव दाण्यांवर धरते आणि चौथ्या तपासणीवरचे सारे श्रम वाया जातात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कीड मरत नाही, ती केवळ सुस्त होते.

ऊन दाखवण्याची आपली रीत उत्तम आहे, फक्त ऊन खरोखर कडक हवे. कडधान्य काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक घातले आणि कडा दाबून ठेवल्या, तर एप्रिल-मे महिन्यांत आतील तापमान किडीला सोसवत नाही. गॅलरीत दोन तास येणाऱ्या तिरप्या उन्हात डबा नुसता उघडा ठेवला तर किडे सावलीच्या बाजूला सरकतात, इतकेच होते. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या, तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, त्याला तडे जाऊन तुकडा पडतो. त्याला फ्रीजर बरा. रवा भाजून, गार करूनच डब्यात भरण्याची घरोघरीची पद्धत याच कारणासाठी योग्य आहे.

उपाय लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी त्याच धान्याची एक मूठ काचेच्या बाटलीत घालून, तोंडाला दाट विणीचे फडके रबराने बांधून पाच आठवडे निराळी ठेवावी. बाटलीत किडा निघाला तर धान्यातच दोष होता. बाटली स्वच्छ राहिली आणि डब्यात कीड आली, तर ती बाहेरून शिरली. या एका बाटलीने वाण्यावरचा आळही दूर होतो आणि पुढचे काम नेमके कोठे करायचे तेही कळते.

सहावी तपासणी: झाकण आणि तेल

आता तेलाचा क्रम येतो. तेल स्वस्त असूनही ते इतक्या उशिरा सांगण्याचे कारण असे की, वरील तपासण्या न करता ठेवलेले तेल काही दिवस किडीला दडवते आणि तेवढ्यात ती वाढते.

प्रथम तेल खरे आहे का ते पाहावे. साध्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून कागद सावलीत एक दिवस ठेवावा. नीलगिरी, पुदिना, गवती चहा यांचे शुद्ध तेल जवळजवळ पूर्ण उडून जाते. कागदावर तेलकट, पारदर्शक डाग कायम राहिला तर त्यात खाद्यतेल किंवा अन्य जड तेल मिसळलेले आहे. अगरबत्तीसाठी किंवा डिफ्यूझरसाठी मिळणारी कृत्रिम सुवासाची तेले अन्नाच्या डब्याजवळ ठेवूच नयेत.

कडुनिंबाचे तेल या वर्गात येत नाही. ते बीजातून काढलेले जड तेल आहे, त्यातील अॅझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य हवेत उडत नाही, म्हणून त्याचा बोळा डब्यात ठेवल्याने दूरच्या दाण्याला काहीच लाभ होत नाही. एरंडेलही जड तेलच. त्याचे काम वेगळे आणि चोख आहे: कडधान्याला ते चोळले की दाण्यावर पातळ थर बसतो, भुंग्याच्या मादीला अंडे नीट चिकटवता येत नाही आणि घातलेल्या अंड्याला हवा मिळत नाही. किलोला एक लहान चमचा पुरतो. फक्त ते अंडी पांढरी होण्याच्या आधी, म्हणजे धान्य घरात आल्या आल्या लावावे लागते.

उडनशील तेलांचा मार्ग वाफेचा आहे. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, नीलगिरीतील सिनिओल, गवती चहातील सिट्राल यांची वाफ किड्याच्या अंगावरील श्वासछिद्रांतून आत जाते आणि त्याच्या मज्जासंस्थेचे काम बिघडवते. प्रयोगशाळांत या तेलांनी किडे मरतात हे खरे आहे. तेथे मात्र लहान, हवाबंद बरणीत मोजके किडे असतात, धान्य थोडे असते किंवा नसतेच. आपला डबा धान्याने गच्च भरलेला असतो, दाणे स्वतःच वाफ शोषून घेतात, मधल्या थरांत ती पोहोचता पोहोचता विरळ होते आणि प्रौढ किड्यापेक्षा कितीतरी अधिक सहनशील असलेला कोश दाण्याच्या आत सुरक्षित राहतो. पूर्ण भरलेल्या डब्यात मारक ठरेल इतके तेल घातले तर तो तांदूळ शिजवून खाववणार नाही. पिठात वाफ जवळजवळ शिरतच नाही, तेव्हा पिठासाठी तेल वापरू नये. थोडे दळून आणावे आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवावे.

घरगुती वापर येथून पुढे सोपा आहे. तेल धान्यावर शिंपडू नये. लहान, बारीक छिद्रांच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डबीत कापसाचा बोळा ठेवून, दहा किलोच्या डब्याला लवंग किंवा नीलगिरी तेलाचे पाच-सहा थेंब त्यावर सोडावेत आणि ती डबी धान्याच्या वर, झाकणाखाली ठेवावी. वाफ टिकत नाही, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी बोळा बदलते, पावसाळ्यात तर न चुकता. हे प्रमाण किड्यांना दूर ठेवण्यापुरते आहे. प्लॅस्टिकची डबी घेऊ नये, कारण ही तेले काही प्लॅस्टिक मऊ करतात आणि विरघळवतात. बासमती किंवा आंबेमोहोर यांसारख्या स्वतःचा सुगंध असलेल्या तांदळाजवळ मी कोणतेही तेल ठेवत नाही, त्यांना थंडी आणि घट्ट झाकण पुरेसे आहे.

तेल ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटाचे दार उघडताच लवंगेचा घमघमाट आला, तर तेल चांगले काम करते आहे असे पुष्कळांना वाटते. त्याचा अर्थ उलट आहे. वाफ झाकणाच्या फटीतून बाहेर येते आहे, आणि ज्या फटीतून वाफ बाहेर येते ती बारीक अळीला आत शिरायलाही पुरू शकते. झाकणाची रबरी कडी बदलावी किंवा डबाच बदलावा. माझ्या मते तेलाचा सर्वांत विश्वासार्ह उपयोग हाच आहे: ते डब्याची गळती दाखवून देते.

वेखंड आणि पारा यांविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वेखंडाची कांडी धान्यात ठेवण्याची जुनी चाल आहे, परंतु भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन पुष्कळ असते, त्याने उंदरांत कर्करोग झाल्याचे आढळले आणि अमेरिकेने 1968 मध्ये वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. त्याचे तेल धान्याजवळ ठेवू नये. पारा असलेल्या टिकड्या, डांबरगोळ्या आणि झुरळांवर मारायचे स्प्रे अन्नाच्या डब्यात कधीही जाऊ नयेत.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

उगम काढला, फटी साफ केल्या, धान्य आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले, झाकणे बदलली आणि निराळी ठेवलेली बाटली पाच आठवडे स्वच्छ राहिली, तरीही दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी किडे निघत असतील, तर ते घराच्या बांधणीतून किंवा शेजारच्या जागेतून येत आहेत. खाली वाण्याचे दुकान किंवा पिठाची गिरणी असलेल्या इमारतींत, आणि दोन खोल्यांचा पोटमाळा एकमेकांना लागून असलेल्या चाळींत हे घडते. अशा वेळी एकट्या घराने तेल बदलत बसणे व्यर्थ आहे. सोसायटीमार्फत परवानाधारक पेस्ट कंट्रोल करणाऱ्यास बोलवावे, त्याचा कीटकनाशक कायदा, 1968 अन्वये मिळालेला परवाना पाहावा, कोणते औषध कोठे वापरणार ते लिहून घ्यावे आणि फवारणीपूर्वी सर्व अन्न व भांडी बाहेर काढावीत. त्याला किड्यांचा नमुना लहान बाटलीत घालून दाखवावा, म्हणजे झुरळांचे जेल लावून तो परत जाणार नाही.

पुस्तकी ऊ परत परत येत असेल तर प्लंबर लागतो, कारण भिंतीतील नळ किंवा बाहेरची चीर ओल देत असते. ट्रॉलीच्या लाकडातूनच भुसा पडत असेल तर ती लाकूड खाणारी कीड आहे, तिचे उपाय आणि तिचे कारागीर वेगळे असतात.

गोदामांत धान्याला धुरी देण्यासाठी वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोणी "घरगुती वापरासाठी" देऊ केल्या, तर त्या घेऊ नयेत आणि घरात ठेवूही नयेत. हवेतील दमटपणाने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्यांचा वापर सरकारने केवळ प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींपुरता मर्यादित केला आहे. माणसे राहत असलेल्या घरात त्या वापरण्यास तयार होणाऱ्या माणसाला, त्याच्याकडे परवाना असला तरी, काम देऊ नये.

सुगंधी तेलांच्या बाटल्याही मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी ठेवाव्यात. नीलगिरी तेल किंवा कापराचे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. असे घडल्यास उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो, आणि बाटली बरोबर घेऊन मुलाला तत्काळ जवळच्या रुग्णालयात न्यावे. घरात दम्याचा रुग्ण किंवा मांजर असेल तर बोळा झाकणाबाहेर उघडा ठेवू नये. मांजरांचे यकृत ही द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही, म्हणून अशा घरांत मी फ्रीजर आणि घट्ट झाकण यांवरच थांबायला सांगते.